ॲडमिन दादा, ओढणी चाकात गेली होती

प्रति,
आपल्या गावच्या समूहाचे पाचही ॲडमिन आणि सर्व सभासद,
सातारा.

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी तुम्ही समूहावर सगळ्यात वर एक सूचना पिन केलीत. ‘भगिनींनी पावसाळ्यात फोटो देताना व सार्वजनिक ठिकाणी वावरताना पेहरावाचे भान राखावे, जेणेकरून समूहाचे वातावरण कौटुंबिक राहील.’ खाली जोडलेले हात. या सूचनेला शेकड्यांनी अंगठे मिळाले, त्यात माझी एक मावसबहीणही आहे.

ज्या फोटोमुळं ही सूचना काढावी लागली, त्यातली बाई मी. पिवळे गमबूट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट, डोक्यावरून घोंगडी आणि समोर बंद पडलेली स्कूटर. फोटो पाठमोरा आहे, ओळख पटत नाही, असं तुम्ही मला कळवलंत. पिवळे गमबूट घालून ऑफिसला जाणारी दुसरी बाई साताऱ्यात असेल तर मला तिला भेटायला आवडेल. फोटो पडल्यापासून पाऊण तासात आमच्या घरी पुण्याहून नणंदेचा फोन आला होता. ‘वहिनीच ना ती?’

फोटोवर तुम्ही ‘सातारची पावसाळी फॅशन’ असं लिहिलंत. त्या फॅशनचा इतिहास तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून आधी तो सांगते. थोडा लांबेल.

मी पोवई नाक्याजवळ एका कर सल्लागारांकडं हिशेब लिहिते. राहायला शाहूपुरीत. सकाळी पावणेदहाला निघते. तुम्हाला इथला पाऊस समजावून सांगायला नको, पण हे पत्र बाहेरगावचे सातारकरही वाचतील. त्यांना आठवत असेल, यवतेश्वरच्या डोंगरावर ढग उतरला की छत्रीचा उपयोग संपतो. पाऊस वरून कमी, बाजूनं जास्त. एका जूनमध्ये माझ्या दोन छत्र्या उलट्या होऊन काड्या मोडल्या, तिसरी मी घेतली नाही.

मग रेनकोट. बायकांचा म्हणून दुकानात जो मिळतो तो घोट्यापर्यंतचा झगा असतो. स्कूटरवर बसलं की तो गुडघ्याशी गोळा होतो आणि मांडीवर पाण्याचं तळं साचतं. सुटला तर वाऱ्यानं फुगतो आणि पुढचं दिसत नाही. पुरुषांचा दोन तुकड्यांचा, वर कोट आणि खाली पॅन्ट, शहाण्या माणसानं बनवलेला. मी तो मागितला तर दुकानदार म्हणाले, ‘मिस्टरांची उंची किती?’

आता ओढणी. तीन वर्षांपूर्वी बाँबे रेस्टॉरंट चौकात माझी ओढणी मागच्या चाकात गेली. भिजलेली ओढणी जड होते, एका बाजूनं लोंबायला लागते, आणि आपल्याला कळतं ते मान मागं खेचली गेल्यावरच. गर्दीमुळं वेग कमी होता म्हणून आज हे लिहितेय. कडेच्या वडापावच्या गाड्यावरचे काका कांदा चिरायची सुरी घेऊन धावत आले आणि त्यांनी ओढणी गळ्यापाशी कापली. त्या सुरीचा वास अजून नाकात आहे. गळ्यावरचा वळ आठ दिवस होता, ऑफिसात कॉलरचा कुर्ता घालून जात होते. तेव्हापासून स्कूटरवर ओढणी घेत नाही.

तुमच्या फोटोखालची पहिलीच कमेंट होती, ‘ओढणी कुठंय?’

चाकात गेली, दादा.

घोंगडीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आपला जिल्हा मोठा गमतीचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिकडं पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पण पावसात पांघरायची घोंगडी त्या कोरड्या माणदेशातून येते. मेंढ्या तिकडच्या, विणणारे सणगर तिकडचे. सुताला चिंचोक्याची खळ लावतात, वीण घट्ट बसते, पाणी पटकन आत येत नाही. माझी आजी जावळीतली. तिच्याकडं म्हसवडच्या बाजारातून आणलेली काळी घोंगडी होती, खोळ करून ती डोक्यावरून घ्यायची. भाताच्या लावणीला वाकायचं असलं की मात्र पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं.

आजी गेल्यावर घोंगडी माझ्याकडं आली. एका बाजूनं कसरीनं खाल्लेली होती. आईनं तेवढा भाग कापून टाकला आणि उरलेल्यातून मला टोपी असलेला, कमरेपर्यंतचा आखूड कोट शिवून दिला. आई चाळीस वर्षं शिलाई करते, तरी घोंगडीनं तिला घाम फोडला. सोळा नंबरच्या दोन सुया मोडल्या, मग तिनं अठरा नंबरची लावली आणि पायडल सोडून चाक हातानं फिरवत एकेक टाका घातला. आत जुन्या सुती लुगड्याचं अस्तर आहे, तेही आजीचंच. ओला झाला की कोटाला मेंढराचा वास येतो. ऑफिसात मी तो जिन्याच्या कठड्यावर टाकते, साहेब नाक मुरडतात, पण काही बोलत नाहीत.

गमबूट शेतीचं सामान मिळतं त्या दुकानातले. काळे होते ते सगळे मोठ्या मापाचे, माझ्या पायाला बसेल असा एकच जोड होता, तो पिवळा.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल की बाई म्हणतेय, मी हे सोयीसाठी घातलं, म्हणून मला माफ करा. तसं नाहीये. काळे गमबूट माझ्या मापाचे असते तरी मी पिवळेच घेतले असते. पावसाळ्यात चार महिने सगळं गाव करडं असतं, आकाश, रस्ता, भिंती, माणसांचे रेनकोट. अशात माझ्या पायांकडं बघून मला बरं वाटतं. ऑफिसला जाताना आरशासमोर मी दोन मिनिटं जास्त उभी राहते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पॅन्ट दुमडते ती चिखलामुळं, पण ती दोन्हीकडं सारखी दुमडली गेलीय की नाही, हे मी बघते. नटणं आणि सोय यांतलं एक निवडा, असा काही जीआर निघालेला नाही.

आता त्या दिवसाचं. नाक्यावर पाणी साचलं होतं. प्लगमध्ये पाणी गेलं आणि स्कूटर बंद पडली. मी ती कडेला ढकलत आणली आणि किक मारायला लागले. बाराव्या-तेराव्या किकला सुरू झाली. तेवढ्या वेळात कुणीतरी मागून फोटो काढला. काढणारा पाच-सहा पावलांवर असणार, फोटोत माझ्या कोटाच्या शिवणीचा दोरा दिसतो. एवढ्या जवळ उभा होता, पण स्कूटरला हात लावावा असं त्याला वाटलं नाही. असो.

माझी पहिली तक्रार ही आहे की मला न विचारता माझा फोटो काढला गेला, तुमच्याकडं आला आणि तुम्ही तो गावाला दाखवलात. ‘सार्वजनिक ठिकाणचा फोटो कुणीही काढू शकतो’, असं तुम्ही मला लिहिलंत. काढू शकतो आणि हजारो लोकांसमोर टांगू शकतो, या दोन गोष्टी एकच कशा झाल्या? तुमच्या दुकानाबाहेर तुम्ही पायरीवर घसरून पडलात, मी फोटो काढला आणि खाली ‘ओळखा पाहू कोण’ असं लिहून समूहाकडं पाठवला, तर तुम्ही तो मंजूर कराल?

दुसरी तक्रार कमेंटांची. राग आला की लोक भांडतात, मी एक्सेल उघडते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कमेंट एका शीटमध्ये उतरवल्या. एकूण १८६. पैकी ४१ कमेंटांची सुरुवात ‘ताई’ या शब्दानं होती. २३ जणांनी माझ्या नवऱ्याची चौकशी केली होती, तो काय करतो, त्याला हे चालतं का, तो आहे का. तो त्या वेळी कोरेगावला बांधकामावर होता, बर्म्युडा आणि बनियनवर, डोक्याला खताची पिशवी गुंडाळून. त्याचा फोटो कुणी काढला नाही. आणि १२ जणांनी विचारलं होतं, ‘गाडीला काय झालं?’ त्या बाराजणांना माझा नमस्कार पोचावा.

‘ताई’बद्दल मला जरा बोलायचंय. आपल्याकडं हा शब्द किती कामाचा आहे! एसटीत जागा मागायला, भाजी घासाघीस करायला, अनोळखी बाईशी अदबीनं बोलायला. पण समूहावर त्याचं भलतंच झालंय. ‘ताई, राग मानू नका, पण…’ ‘ताई, भाऊ म्हणून सांगतो…’ ‘ताई, आमच्या घरात हे चालत नाही.’ मी तुमच्या घरात आले नव्हते, नाक्यावर उभी होते. आधी नात्याचा शब्द टाकायचा म्हणजे समोरचीला उलटून बोलता येत नाही. बोलली तर तीच उद्धट, भावाला बोलली. ४१ भावांपैकी एकानं तरी प्लग पुसायला फडकं दिलं असतं!

शिवीगाळ झाली नाही, म्हणजे विशेष काही झालं नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. शिव्या नव्हत्या हे मान्य. पण ज्या कमेंटांनी मी दोन रात्री झोपले नाही त्यांत एकही वाईट शब्द नव्हता. ‘यंदा पाऊस मनासारखा, रान तयार दिसतंय.’ ‘वाफसा आलाय, पेरणी उरकून घ्या.’ ‘चिखलणी कुणाकडनं केली?’ मी शेतकऱ्याची नात आहे. वाफसा म्हणजे पेरणीला योग्य अशी रानाची ओल, हे मला कळतं, आणि तो शब्द त्या फोटोखाली कशासाठी आलाय हेही कळतं. ज्या कंपनीच्या ॲपवर आपला समूह चालतो तिच्याकडं मी या तीन कमेंटांची तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, नियमांचा भंग आढळला नाही. त्यांच्या यंत्राला ही पीकपाण्याची चर्चा वाटली असणार. पण तुम्ही पाचहीजण मराठी वाचता, तुमच्यातल्या तिघांच्या घरी शेती आहे. वाफशाच्या कमेंटवर तुमच्यातल्याच एकाचा हसरा चेहरा आहे. स्क्रीनशॉट माझ्याकडं आहे, तो मी कुठं टाकणार नाही.

ती कमेंट कुणाची ते मला कळलं, कारण नाव ओळखीचं होतं. आमच्याकडं गॅसची टाकी घेऊन येणारा पोरगा. बावीस-तेवीसचा असेल. पुढच्या सोमवारी तो टाकी घेऊन आला, नेहमीसारखा दोन जिने चढून, खांद्यावर गोणपाट टाकून.

‘ताई, पाणी मिळंल का?’

मी तांब्या दिला. मग विचारलं, ‘वाफशाचं तूच लिहिलंस ना?’

तो तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. ‘मला काय म्हायती तुमी हाय ते,’ म्हणाला.

‘आणि दुसरी कुणी असती तर?’

त्याला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, ‘तिथं सगळीच टाकत हुती.’ मग टाकीचं सील काढून त्यानं वायसर बघितला, नेहमीपेक्षा बराच वेळ बघत बसला. जाताना सुट्टे पैसे घ्यायचे विसरला, मी जिन्यातून हाक मारून दिले. रात्री कमेंट निघालेली होती. ‘सॉरी’ वगैरे काही नाही, मलाही ते नको होतं. मी हे सांगतेय ते एवढ्यासाठी की तो पोरगा माझ्या दारात कधी वावगं बोललेला नाही. ‘तिथं सगळीच टाकत हुती’ यातलं ‘तिथं’ म्हणजे तुमचा समूह आहे. ती जागा तशी कुणी ठेवलीय, एवढंच विचारायचंय.

एक माझंही सांगून टाकते, नाही तर हे पत्र खोटं होईल. मागच्या वर्षी कासला फुलांच्या दिवसांत जाळीची साडी नेसून, छत्री फिरवत फोटो काढणाऱ्या एका बाईची पोस्ट समूहावर आली होती. धुक्यात साडी चिकटली होती, खाली नेहमीचा तमाशा. मी त्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला होता. परवा जाऊन बघितलं, पोस्ट अजून आहे, माझा चेहराही होता. काढला. त्या बाईला कुठं शोधू ते कळत नाही. ती हे वाचत असेल तर, बाई, चुकले.

तिसरी तक्रार मापाची आहे. माझा फोटो पडला त्याच आठवड्यात तुम्ही ठोसेघरच्या धबधब्यावरच्या पोरांचा व्हिडिओ टाकलात. सहाजण, कमरेच्या वर उघडे, दरीच्या कठड्यापाशी भिजत नाचतायत. खाली ‘विषय हार्ड’, ‘भावांनो नाद नाय’, ‘सातारची शान’. मला त्या पोरांबद्दल काही म्हणायचं नाही. पाऊस आहे, तरणी आहेत, भिजू देत. कठड्यापासून लांब राहिली म्हणजे झालं. पण त्यानंतर ‘बंधूंनी पेहरावाचे भान राखावे’ अशी सूचना मला काही दिसली नाही. माझा गुडघ्याखालचा पाय एवढा काय जड झाला, की त्यानं समूहाचं कौटुंबिक वातावरण कलंडलं?

पायाचंच निघालं म्हणून सांगते. आजीबरोबर मी लहानपणी लावणीला जायचे. चिखलात उतरताना ती आणि तिच्या बरोबरीच्या सगळ्या बायका काष्टा गुडघ्याच्या वर खोचायच्या. बांधावर गावातले पुरुष बसलेले असायचे, चुलते, दीर, सासरे. चहाची किटली तिथंच. कुणी तिकडं बघत बसलं नाही आणि कुणी भान राखायला सांगितलं नाही. कामाचे कपडे कामाचे, हे न शिकलेल्या माणसांना कळत होतं. म्हणून कुणी मला ‘आपली संस्कृती’ म्हणतं तेव्हा मी विचारते, कुठली? चिखलात उतरणाऱ्यांची, की बांधावर बसून फोटो काढणाऱ्यांची?

आणि ३ जानेवारी. दरवर्षी त्या दिवशी तुम्ही समूहाचा मुख्य फोटो बदलून सावित्रीबाईंचा लावता. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं, याचा अभिमान वाटतो असंही लिहिता. मलाही वाटतो. शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या एक जादा लुगडं जवळ ठेवायच्या, हे आपण सगळे लहानपणी शिकलोय. माझ्या स्कूटरच्या डिकीतही एक जादा सलवार असते. ती अजून तरी फक्त पावसासाठी आहे.

चौथी तक्रार तुमच्या उत्तरांची. फोटो काढा, असं मी पहिल्याच संध्याकाळी नम्रपणे लिहिलं होतं. पहिलं उत्तर अंगठा. दुसरं, ‘बघतो’. तिसऱ्या दिवशी नुसता फोटो निघाला, खालच्या कमेंट तशाच. माफी नाही, खुलासा नाही. उलट चार दिवसांनी ती सूचना आली. म्हणजे झालेल्या प्रकाराचा तुम्ही तपास केलात आणि दोषी सापडली ती मी.

मध्ये एकदा रात्री अकरा वाजता तुमच्यापैकी एकांनी मला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ मधला निकाल पाठवला. एखाद्या सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेली योजना दिसत नसेल तर, नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही, असा. निकाल खरा आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक वकीलबाई बसतात, त्यांना मी तो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. ते प्रकरण व्हॉट्सॲप ग्रुपचं होतं. मजकूर ग्रुपवर येण्याआधी तो तपासण्याची किंवा रोखण्याची सोय ॲडमिनकडं नसते, हे न्यायालयानं त्यात सांगितलंय. आपल्या समूहावर मात्र कुठलीही पोस्ट तुमच्या मंजुरीशिवाय दिसत नाही. तुमच्याच नियमांत तिसऱ्या क्रमांकावर ते लिहिलंय. म्हणजे फोटो कुणीतरी पाठवला, तुमच्यापैकी कुणीतरी तो उघडून बघितला आणि ‘मंजूर’ दाबलं. त्या निकालाची छत्री तुमच्यावर कितपत धरता येईल, हे मी सांगू शकत नाही. मला हिशेब कळतो, कायदा नाही. पण निकाल पाठवण्याआधी तुम्ही तो पूर्ण वाचायला हवा होता.

कायद्याचा विषय तुम्ही काढलात म्हणून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७५ मध्ये लैंगिक शेरेबाजी येते. कलम ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं केलेल्या बोलण्या-वागण्याबद्दल आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. एखाद्या बाईच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं कलम ७८ खाली येतं. हे शेवटचं त्या दोघा-तिघांसाठी, जे फोटोनंतर माझ्या जुन्या पोस्ट उकरून रोज एकेकीवर शेरा मारतायत. तक्रार सायबर पोलिसांकडं देता येते, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर घरबसल्याही देता येते. मी अजून दिलेली नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘पोलिसात गेलीस तर फोटो आणखी पसरंल का गं?’ याचं उत्तर मला देता आलं नाही. दुसरं कारण तो टाकीवाला पोरगा. त्याला कोर्टाच्या फेऱ्या मारायला लावून माझं काय भलं होणार? पण पाळतवाल्यांनी या कारणावर विसंबून राहू नये.

आता काय हवंय ते.

ती सूचना काढा. दुरुस्त करून, गोड करून नको, काढाच. तिच्या जागी दुसरी लावा: कुणाचाही, बाईचा असो वा पुरुषाचा, ओळखू येणारा फोटो त्या माणसाला विचारल्याशिवाय मंजूर होणार नाही. विचारल्याचा पुरावा पाठवणाऱ्यानं द्यायचा.

कमेंटांसाठी सरळ नियम ठेवा. बाईच्या अंगावर, कपड्यांवर, घरच्यांवर घसरणारी कमेंट तक्रार आल्यापासून चोवीस तासांत निघाली पाहिजे. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा महिनाभर बंदी, तिसऱ्यांदा बाहेर. राजकारणावरून भांडणाऱ्यांना तुम्ही तासाभरात बाहेर काढता, हे मी निवडणुकीत बघितलंय. म्हणजे तुम्हाला येतं. आणि ‘शिवी नव्हती’ हे कारण चालणार नाही. वाफसा कळायला पाचजण पुरेसे आहात.

पाचांचे सात व्हा, आणि वाढलेल्या दोघी बायका असू देत. कुणा ॲडमिनची बायको किंवा बहीण नावापुरती नको. समूहावर महिला बचत गटाच्या ताया आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, एक एसटी कंडक्टर आहेत ज्यांची लेखणी मला फार आवडते. विचारून बघा, कुणीतरी हो म्हणेल. मला विचारू नका, मार्चमध्ये आमच्याकडं श्वास घ्यायला वेळ नसतो.

माझ्या फोटोबद्दल समूहाच्या नावानं माफी मागा. माझं नाव घालायची गरज नाही. मंजूर कुणी केला हे मला कळायला नको, पण तुम्हा पाचांना आपापसांत कळलेलं असू द्या. कमेंट करणाऱ्यांची नावं जाहीर करा, असं मी म्हणत नाही. काहीजण मला तसं सुचवतायत. त्यांच्या घरीही कुणाची बायको, कुणाची आई हे वाचते. तिनं काय केलंय?

आणि कासच्या त्या बाईंची मागच्या वर्षीची पोस्ट काढून टाका. अजून वर येत असते.

सभासदांना एकच विनंती. मला इनबॉक्सात ‘ताई, आम्ही तुमच्यासोबत आहोत’ असे बरेच निरोप आले. बरं वाटलं. पण त्यांतल्या एकानंही ते कमेंटांमध्ये लिहिलं नव्हतं. पुढच्या वेळी तिथं लिहा. चार ओळी लागत नाहीत, ‘हे बरोबर नाही’ एवढं पुरे. ज्या बारा जणांनी गाडीचं विचारलं त्यांच्यामुळं मला त्या १८६ ओळी शेवटपर्यंत वाचता आल्या.

कोट आत्ता आईच्या मशिनवर वाळत पडलाय, खांद्याची शिवण उसवलीय ती आई उद्या घालून देणार आहे. पंधरा दिवस झडीत वापरला, एवढं होणारच. सूचना पिन झाल्यावरही मी रोज त्याच रस्त्यानं, त्याच बुटांत गेलेय. सोमवारीही पावणेदहाला नाक्यावर असेन.

तुमचं उत्तर मला इनबॉक्सात नको. जिथं सूचना लावलीत तिथंच लावा.

कळावे,

आपल्या समूहाची सात वर्षं जुनी सभासद
शाहूपुरी, सातारा

ता. क. फोटो काढणारे जे कुणी असतील त्यांना: तुमच्या फोटोमुळं आईला कळलं की मागची शिवण एका बाजूला ओढली गेलीय. तीही उद्या उसवून घालायची आहे.